मूत्राशयाचा कर्करोग आणि ऑपरेशन: ‘किती वर्षं?’ हे विचारण्याआधी रिपोर्ट वाचा

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

मूत्राशय काढायचं ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाच वर्षं तरी काढतील ना?’ नेटवर शोधलं की एक टक्केवारी सापडते आणि मग सगळं घर तीच धरून बसतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. हे नमुने माझ्या टेबलावर कायम येतात. तो एकच आकडा घेऊन लोक खचतात किंवा गाफील राहतात, हे बघवत नाही म्हणून हा धागा.

मूत्राशयाच्या भिंतीला आतून बाहेर असे थर असतात: आतलं अस्तर, त्याखालचा विरळ थर, मग जाड स्नायू आणि बाहेर चरबी. गाठ अस्तरातच असेल तर टीए, अस्तराखाली उतरली तर टी१, स्नायूत शिरली तर टी२, चरबीत गेली तर टी३, आणि शेजारच्या अवयवात घुसली तर टी४. नव्याने सापडणाऱ्या रुग्णांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांत गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नसते. त्यांचं मूत्राशय बहुधा वाचतं. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ खरवडायची, गरजेप्रमाणे आत बीसीजी (क्षयाच्या लसीतलंच औषध) सोडायचं, आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. उरलेल्यांसाठी मूत्राशय पूर्ण काढणं, म्हणजे रॅडिकल सिस्टेक्टमी, हा मुख्य मार्ग.

आता आकडे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९७१ ते १९९७ या काळात ऑपरेशन झालेल्या १०५४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये छापला. सगळे मिळून पाच वर्षं रोग न उलटता राहिलेले ६८ टक्के. नेटवर हाच आकडा फिरतो. पण तो फोडून बघा. लिम्फ नोड (लसग्रंथी) स्वच्छ आणि गाठ स्नायूच्या वरच्या भागापर्यंतच असेल तर ८९ टक्के. स्नायूत खोल गेली तर ७८. चरबीत गेली तर ६२. शेजारच्या अवयवात गेली तर ५०. आणि नोडमध्ये कर्करोग सापडला तर ३५. एकाच ऑपरेशनच्या पोटात ८९ आणि ३५ दोन्ही आहेत. मग ६८ हा आकडा नेमका कोणाचा?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे टप्पे ऑपरेशननंतर, काढलेलं मूत्राशय कापून बघितल्यावर ठरलेले आहेत. आधीच्या सीटी स्कॅनवरून ठरलेला टप्पा हा अंदाज असतो, आणि तो बऱ्याचदा कमी निघतो. स्कॅनमध्ये ‘स्नायूपुरतीच’ दिसलेली गाठ माझ्याकडे येते तेव्हा चरबीत पोचलेली सापडणं नवं नाही. म्हणून ऑपरेशनपूर्वी कोणी छातीठोक टक्केवारी सांगितली तर ती फार मनावर घेऊ नका, चांगली असो वा वाईट. त्या आधीच्या आठवड्यांत आपल्या हातात काय आहे, त्याबद्दल बोलू या.

---

तळेगावकर

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या काकांची दुर्बिणीतून बायोप्सी झाली. वय ६६, आयुष्यभर बिडी. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड (म्हणजे आक्रमक पेशी), अस्तराखाली शिरकाव, नमुन्यात स्नायू नाही’ असं लिहिलंय. सर्जन म्हणतात पुन्हा एकदा दुर्बीण घालावी लागेल. काकू म्हणतात, एकदा झालं ना, परत कशाला हाल? घरात यावरून वाद चाललाय.

---

सूक्ष्मदर्शी

तळेगावकर, काकूंना माझ्यातर्फे सांगा, हाच वाद सगळ्यात महाग पडतो.

दुर्बिणीतून खरवडलेले तुकडे माझ्याकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत येतात. विजेच्या तारेने कापतात, त्यामुळे कडा जळून काळपट झालेल्या असतात. स्लाइड तयार झाली की भिंगाखाली मी आधी गाठ बघतच नाही. स्नायूचे जाड गुलाबी पट्टे शोधते. पट्टे दिसले आणि त्यांत कर्करोग नसेल तर मी लिहू शकते की स्नायू आहे आणि तो मोकळा आहे. पट्टेच नसतील तर मला एवढंच लिहिता येतं की स्नायू आला नाही. या वाक्याचा अर्थ ‘स्नायूत रोग नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘माहीत नाही’. अशा रुग्णांत दुसऱ्यांदा खरवडल्यावर बऱ्याच जणांत गाठ स्नायूत गेलेली आढळते. म्हणून टी१ असेल तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालायची, हे जगभर मान्य आहे. काकांना मूत्राशय ठेवायचं की काढायचं, हा निर्णय त्या दुसऱ्या बाटलीवर आहे.

आणि बिडी आजच बंद. ‘आता काय उपयोग’ असं म्हणू देऊ नका. भूल, जखम भरणं, छातीत कफ साठणं, रोग उलटणं, सगळ्यावर तिचा परिणाम होतो.

---

ओवी

माझ्या आईची गोष्ट लिहिते, कारण बायकांनी हा धागा वाचायलाच हवा. लघवीतून रक्त जायचं, दुखत काहीच नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या दिल्या. थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा गोळ्या. पाळी गेलेली होती तरी एकदा ‘अंगावरून जात असेल’ म्हणून दुसरीकडे पाठवलं. कल्चर एकदाही केलं नाही. सोनोग्राफी झाली तेव्हा उजवी किडनी फुगलेली होती. मूत्राशय काढलं, तेव्हा गाठ चरबीत पोचली होती.

आई नंतर गेली. मला आता कुणावर राग काढायचा नाही. फक्त एवढंच सांगते, न दुखता लघवीतून रक्त आलं, एकदा जरी आलं, तरी सोनोग्राफी आणि दुर्बीण होईपर्यंत डॉक्टरांचा पिच्छा सोडू नका.

---

सूक्ष्मदर्शी

ओवी, तुझं लिहिणं वाचून थांबले थोडा वेळ. हे लिहिलंस हे फार मोलाचं आहे.

तुझ्या आईच्या बाबतीत जे झालं ते जगभर घडतं. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त, त्यामुळे बाईच्या लघवीत रक्त दिसलं की डॉक्टरांच्या मनात आधी इन्फेक्शनच येतं, आणि बायका जास्त पुढच्या टप्प्यात सापडतात. किडनी फुगणं हेसुद्धा वाईट लक्षणांत धरतात. किडनीतून मूत्राशयात येणाऱ्या नळीचं, म्हणजे मूत्रवाहिनीचं, तोंड गाठीने दाबलं गेलंय, म्हणजे गाठ बहुधा खोल गेली आहे, असा त्याचा अर्थ.

---

लेस्टरचा_वारकरी

इकडे इंग्लंडात नियम असा आहे की वय ४५ वा जास्त असेल आणि इन्फेक्शन नसताना लघवीत डोळ्यांना दिसणारं रक्त आलं, तर जीपीने (फॅमिली डॉक्टरने) कॅन्सरच्या संशयाचा तातडीचा रेफरल द्यायचाच. माझ्या सासऱ्यांचं त्यामुळेच लवकर सापडलं.

मला विचारायचंय ते केमोबद्दल. त्यांना ऑपरेशनच्या आधी केमो दिली. घरात सगळे म्हणत होते, गाठ आत असताना ती आधी काढून टाका ना! उशीर कशाला?

---

सूक्ष्मदर्शी

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मूत्राशय काढल्यावर ज्यांचा रोग उलटतो त्यांच्यात तो बहुतेक वेळा लांब उलटतो: फुप्फुसात, हाडात, यकृतात. मघाच्या १०५४ जणांत २२ टक्क्यांना लांब उलटला आणि फक्त ७ टक्क्यांना ओटीपोटात. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशीच काही पेशी रक्तातून निघून गेलेल्या असतात. चाकू त्यांच्यापर्यंत पोचत नाही, औषध पोचतं. आणि औषध आधी द्यायचं, कारण ऑपरेशननंतर अशक्तपणा, किडनीच्या तक्रारी वगैरेंमुळे अनेकांना ते पूर्ण देताच येत नाही.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. नुसतं ऑपरेशन झालेल्यांचं मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ४६ महिने, आधी केमो घेतलेल्यांचं ७७ महिने. काढलेल्या मूत्राशयात कर्करोगाचा मागमूस न उरलेले पहिल्या गटात १५ टक्के, दुसऱ्या गटात ३८ टक्के. असा ‘काहीच उरलं नाही’ रिपोर्ट मला सही करायला मिळतो त्या दिवशी खरंच आनंद होतो, कारण अशा रुग्णांचं पुढे चांगलं चालतं. अनेक चाचण्या एकत्र केल्या तर पाच वर्षांच्या हिशेबात फायदा साधारण ५ टक्क्यांचा दिसतो. ऐकायला थोडा वाटतो, पण शंभरातली पाच माणसं आहेत ती.

अट एक. हे औषध सिस्प्लॅटिन असतं आणि त्याला किडनी बरी लागते, कान आणि नसा बऱ्या लागतात, हृदय साथ देणारं लागतं. किडनी तुंबलेली असेल तर आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून ती मोकळी करतात, आणि मग कधी कधी केमो शक्य होते. सिस्प्लॅटिन झेपत नाही म्हणून ऑपरेशनआधी कार्बोप्लॅटिन देणं ही त्याची जागा घेणारी गोष्ट नाही, हे आवर्जून लक्षात ठेवा.

२०२४ मध्ये याच केमोला ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारं, औषध जोडून केलेली मोठी चाचणी आली. दोन वर्षांनी जिवंत असलेले ७५ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. खर्च मात्र बऱ्याच घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो प्रश्न डॉक्टरांशी उघडपणे बोला, लाजू नका.

---

भटका_कोकणी

थोडं अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्याकडे गुहागर तालुक्यात गिमवी गाव आहे. तिथे लघवीतून रक्त पडणारा जंताचा आजार सापडला होता असं आजोबा सांगायचे. त्याने मूत्राशयाचा कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?

---

सूक्ष्मदर्शी

अवांतर नाही, फार चांगली आठवण काढलीत. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी गिमवीतल्या शिस्टोसोमा या जंताच्या लागणीबद्दल लिहिलं. भारतातली ती अगदी वेगळी नोंद आहे. हा जंत गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून शिरतो. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी तो इतका पसरला होता की तिथे मूत्राशयाच्या कर्करोगाचा प्रकारच वेगळा असे, स्क्वेमस, म्हणजे चपट्या पेशींचा. आपल्याकडे नेहमी दिसतो तो युरोथेलियल, म्हणजे मूत्राशयाच्या मूळ अस्तरातून येणारा प्रकार, आणि त्याचं मोठं कारण तंबाखूचा धूर. स्क्वेमसमध्ये केमोचा जोर कमी पडतो, मुख्य मदार ऑपरेशनवर. म्हणून रिपोर्टमध्ये ‘प्रकार’ ही ओळ बघा. युरोथेलियलमध्येही मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड, सार्कोमॅटॉइड असे उपप्रकार असतात आणि ते जास्त आक्रमक. हे शब्द दिसले तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड तपासून घेतलेल्या बऱ्या. आम्हाला त्याचा राग येत नाही.

दुसरं कारण रंगाचे कारखाने. १८९५ मध्येच फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांत हा कर्करोग दाखवून दिला होता. घरात कोणी रंग, रबर, चामड्याच्या कामात असेल तर डॉक्टरांना न विचारताच सांगा.

---

निळा_सदरा

मी स्वतः रुग्ण. मूत्राशय काढून बरीच वर्षं झाली, पोटावर लघवीची पिशवी आहे. सूक्ष्मदर्शींनी आकडे सांगितले, मी रोजचं सांगतो, कारण पिशवीच्या धास्तीनेच लोक ऑपरेशन लांबवतात.

आतड्याचा छोटा तुकडा घेऊन त्याचं तोंड बेंबीच्या उजवीकडे बाहेर काढतात. लालबुंद, ओलं बटणासारखं दिसतं. त्याला हात लावला तरी दुखत नाही, कारण तिथे दुखण्याच्या नसा नसतात. फ्लँज, म्हणजे पिशवी धरून ठेवणारी चिकट चकती, बदलायचा तो सकाळी चहाच्या आधी, तेव्हा लघवी कमी येते. भोकाचं माप घेऊन कात्रीने कापायचं. फार मोठं कापलं तर कातडी लाल होऊन सोलते, फार लहान कापलं तर बटण चिमटतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, वजनाने ओढली गेली तर चिकट सुटतं. रात्री लांब नळीची मोठी पिशवी जोडून झोपायचं. मी एसटीने कोल्हापूर-पुणे करतो, बॅगेत एक जास्तीचा संच, ओला रुमाल आणि कात्री असते, बस. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, मला तिथे माझ्यासारखी माणसं भेटली आणि अर्धी भीती तिथेच गेली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर खूण करून घ्या. बसून, उभं राहून, पँटचा पट्टा कुठे येतो ते बघून. माझी खूण करणाऱ्या सिस्टरने वीस मिनिटं घालवली, आणि मी आजवर तिचे आभार मानतो.

---

तळेगावकर

निळा सदरा काका, हे काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्यांदाच त्यांनी स्वतः प्रश्न विचारला: आतड्याचं नवं मूत्राशय करतात ते का नाही?

---

निळा_सदरा

त्यांना सांगा, तेही करतात. मला नको म्हणाले कारण किडनी थोडी अधू होती. नव्या मूत्राशयाला जाणीव नसते, घड्याळ लावून उठायचं, पोटाला जोर देऊन लघवी करायची. काहींना रात्री गळतं, काहींना स्वतः नळी घालावी लागते. हात थरथरत नाहीत, किडनी चांगली आहे, आणि शिकायची तयारी आहे, अशांना चांगलं जमतं.

---

सूक्ष्मदर्शी

याला दुजोरा. आणखी एक अट आहे: लघवीच्या नळीच्या कापलेल्या कडेवर कर्करोग नसावा. ऑपरेशन चालू असतानाच ती कड आमच्याकडे येते आणि आम्ही गोठवून लगेच बघतो. योग्य माणसाला योग्य पर्याय निवडला तर कर्करोग बरा होण्यात दोन्हींत फरक पडत नाही.

---

सह्यकडा

रोबोटिकवाल्यांनी आम्हाला जवळपास दुप्पट खर्च सांगितलाय. त्याने आयुष्य वाढतं का?

---

सूक्ष्मदर्शी

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत दोन वर्षं रोग न वाढलेले रोबोटिकमध्ये ७२.३ टक्के आणि पोट उघडून केलेल्यांत ७१.६ टक्के होते. म्हणजे रोगाच्या दृष्टीने सारखंच. रक्त कमी जातं, घरी थोडं लवकर जाता येतं, हा फायदा आहे. त्यासाठी शेती विकू नका. यंत्र विचारण्यापेक्षा हे विचारा: हे सर्जन आणि हे हॉस्पिटल वर्षाला किती मूत्राशयं काढतात? जिथे ही ऑपरेशनं नियमित होतात तिथे मृत्यू कमी, हे वारंवार दिसून आलेलं आहे. मोठं ऑपरेशन आहे. त्या १०५४ जणांत, तेही अनुभवी हातांत, २.५ टक्के ऑपरेशनच्या आसपासच दगावले आणि २८ टक्क्यांना सुरुवातीच्या दिवसांत काही ना काही गुंतागुंत झाली.

दुसरा प्रश्न लिम्फ नोडचा. सर्जन ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांभोवतीची चरबी काढून पाठवतात. ती मी बोटांनी चाचपत बसते, कधी तांदळाएवढी गाठ, कधी घेवड्याच्या दाण्याएवढी. उजवीकडची, डावीकडची वेगळ्या बाटल्यांत आली तर नीट सापडतात, एकाच गोळ्यात आली तर निसटतात. तीन-चारच नोड मोजून ‘सगळे मोकळे’ लिहिलेल्या रिपोर्टवर माझा फार विश्वास बसत नाही. मात्र पोटात फार वरपर्यंत नोड काढत जाण्याने आयुष्य वाढत नाही, त्रास वाढतो, हे २०२४ मध्ये छापलेल्या अमेरिकन चाचणीत दिसलं. दोन्ही बाजूंचे नेहमीचे नोड व्यवस्थित काढणं, एवढं पुरे.

---

पारिजात७१

माझ्या वडिलांचं वय ७९. ऑपरेशन झेपणार नाही म्हणून रेडिएशन-केमो सुचवली आहे. आम्ही त्यांना कमी दर्जाचा उपचार देतोय का, ही टोचणी लागून राहिलीय.

---

सूक्ष्मदर्शी

नाही. ही टोचणी काढून टाका. दुर्बिणीतून गाठ शक्य तितकी खरवडून मग रेडिएशन आणि सोबत हलकी केमो, हा मान्य उपचार आहे. २०२३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन विद्यापीठांच्या ७२२ रुग्णांची तुलना आली: पाच वर्षं दूर न पसरलेले ऑपरेशनमध्ये ७४ टक्के, या मार्गाने ७५ टक्के. ते निवडलेले रुग्ण होते, एकच गाठ, दोन्ही किडन्या तुंबलेल्या नाहीत, असे. वडील त्यात बसतात का, एवढंच विचारा. नंतर दुर्बिणीने आत बघत राहावं लागतं, ते मात्र चुकवू नका. आणि केवळ वयावर कोणी नाही म्हणत असेल तर चालणं, वजन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन बघून पुन्हा विचारा. ७९ ला खणखणीत असलेली आणि ६० ला खंगलेली, दोन्ही प्रकारची माणसं मी बघितली आहेत.

---

तळेगावकर

अपडेट. काकांची दुसरी दुर्बीण झाली. स्नायू आला आणि त्यात कर्करोग आहे. टी२. काकू आता म्हणतात, बरं झालं केलं. किडनीचे आकडे चांगले आहेत, तीन केमो आणि मग ऑपरेशन असं ठरतंय. शेजारचे एक गृहस्थ म्हणताहेत की आधी तीन महिने काढा घेऊन बघा.

---

सूक्ष्मदर्शी

ते तीन महिने देऊ नका. स्नायूत शिरलेली गाठ सापडल्यापासून, मधे केमो नसताना, ऑपरेशन १२ आठवड्यांहून जास्त लांबलं की निकाल बिघडतात, हे एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. केमोचा वेळ वाया जात नाही कारण त्यात उपचार चालू असतो, पण केमो संपल्यावरही ऑपरेशन रेंगाळू देऊ नका. तारीख आत्ताच मागून ठेवा. पैशाची जुळवाजुळव करायची असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला याच आठवड्यात विचारा, कागदपत्रांत दिवस जातात.

केमो चालू असताना रोज चालणं, अंडी-डाळ-दूध जे चालतं ते भरपूर, आणि बिडी शून्य.

ऑपरेशननंतर रिपोर्ट आला की त्यात पाच गोष्टी शोधा: गाठ किती खोल, नोड किती तपासले आणि किती बाधित, कापलेल्या कडा मोकळ्या का, रक्तवाहिन्या-लसवाहिन्यांत शिरकाव आहे का, आणि प्रकार कोणता. चरबीपर्यंत गेली असेल किंवा नोड बाधित असतील तर ऑपरेशननंतर इम्युनोथेरपी द्यायची का, हे ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. निव्होलुमॅबच्या २०२१ च्या चाचणीत रोग न उलटण्याचा मध्यम काळ जवळजवळ ११ महिन्यांवरून जवळजवळ २१ महिन्यांवर गेला.

---

निळा_सदरा

आणि तपासण्या! मला पहिली दोन-तीन वर्षं सारखं बोलावत होते, कंटाळा यायचा.

---

सूक्ष्मदर्शी

त्याला कारण आहे काका. त्या १०५४ जणांपैकी ज्यांचा रोग उलटला त्यांच्यात निम्म्यांचा पहिल्या बारा महिन्यांतच उलटला होता. म्हणून सुरुवातीला सीटी लवकर लवकर. नंतर अंतर वाढतं, पण किडनीपासूनच्या वरच्या मार्गात नवी गाठ उशिराही येऊ शकते, म्हणून तपासण्या अजिबात बंद होत नाहीत. आतडं वापरल्यामुळे क्रिएटिनिन, बायकार्बोनेट आणि बी१२ अधूनमधून बघावं लागतं. तुमचं बी१२ शेवटचं कधी तपासलं?

---

निळा_सदरा

आठवत नाही. सोमवारी उपाशीपोटी जाऊन देतो, क्रिएटिनिनही सोबत करतो. तळेगावकर, काकांना पिशवीबद्दल काही विचारायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोनवर बोलू. त्यांना माझी पिशवी बघायची असेल तर मी तळेगावला येऊनही दाखवीन.